दारात उभ्याने हो म्हणत नाहीत

बाई, तुमचा फळा आमच्या ओटीवरच आहे. तेराव्यानंतर तुमचा भाचा घर आवरायला आला, तेव्हा तो फळाही टेम्पोत घालत होता. मी दिला नाही. म्हटलं, हा आमच्या भिंतीला लागलाय, आता आमचाच. शहाणा माणूस, वाद घातला नाही. तुमचं कपाट, पुस्तकं, शिवणयंत्र सगळं घेऊन गेला. खडूंचा डबा खिडकीत राहिला, तो मी नंतर पाहिला.

मुलं तुमच्या आठवणीची पुस्तिका काढतायत. मनवेलपाड्याचा संदेश सांगायला आला होता. म्हणाला, "मावशी, दोन पानं द्या. बाईंबद्दल चांगलं चांगलं लिहा." मी म्हटलं, चांगलं लिहायला तुम्ही एवढे जण आहात. मला बाईंशी बोलायचं राहिलंय, ते मी लिहीन. छापायचं तर छापा.

मी चौथीपर्यंत शिकले. हे वाचायला तुम्ही असतात तर लाल पेन घेऊन बसला असतात. आता पेन ठेवा आणि ऐका.

आमच्या उमेळ्याच्या वाडीवर बिल्डिंग झाली आणि तुम्ही तिच्यात राहायला आलात. तुमचं स्वयंपाकघर जिथे आहे तिथे आमचे दोन चिकू होते, हे मी तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलं. बोचावं म्हणूनच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "म्हणजे मी रोज तुमच्या चिकूच्या सावलीत पोळ्या लाटते, मावशी." बोचलं ते मलाच. असं माझं फार वेळा होत नाही.

मुंबईच्या ऑफिसात तुम्ही जन्मभर माणसं निवडायचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. तुम्ही कॉलेज संपवून घरी बसलेली पोरं गोळा केलीत. तीही कुठली? ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, ती. बाकीच्यांना सांगायला काका असतो, मामा असतो, शेजारचा साहेब असतो, यांना सांगणारं कोणी नाही, असं तुमचं म्हणणं. पहिल्या महिन्यात ती तुमच्या घरी यायची. मग सोसायटीच्या सेक्रेटरीला जिन्यातल्या चपलांचा त्रास व्हायला लागला. तुम्ही माझ्याकडे आलात आणि विचारलंत, "मावशी, शनिवारी दुपारी तुमची ओटी मिळेल का?" मी म्हटलं, ओटी मिळेल, चहा मिळणार नाही. चहाही द्यायला लागले, ते तुम्हाला माहीतच आहे.

मी कोपऱ्यात वाल सोलत बसायचे. तुमचं इंग्रजी-मराठी कानावर पडायचं. एकदा संदेशला तुम्ही उभं केलंत. तो छताकडे बघून भराभर बोलायला लागला, "माय सेल्फ संदेश, आय ॲम हार्डवर्किंग, आय ॲम सिन्सिअर." मला हसू आलं. तुम्ही माझ्याकडे वळलात.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही. पाठ केलंय त्याने. श्वास नको तिथे घेतोय."

"मग तुम्ही विचारा त्याला."

मी म्हटलं, मी काय विचारणार, मला ना त्याची भाषा येते ना त्याचं पुस्तक. तुम्ही खुर्ची सरकवलीत आणि मला त्याच्यासमोर बसवलंत, वालाच्या परातीसकट. मी विचारलं, "तुझा बाप काय करतो?" तो खाली बघायला लागला. त्याचा बाप बिल्डिंगांमध्ये लादी बसवतो, हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी म्हणाला, "लादीकाम." मी म्हटलं, "मग खाली काय बघतोस? आमच्या न्हाणीघरातलं पाणी दारात येतं. तुझा बाप असता तर काय केलं असतं?" त्याने मान वर केली. ढाळ कसा काढायचा, दोरी कुठून कुठे ताणायची, जाळीच्या बाजूला लादी किती खाली घ्यायची, सगळं सांगितलं. सुट्टीत बापाच्या हाताखाली केलेलं काम होतं. श्वासही बरोबर घेतला. तुम्ही फळ्यावर एवढंच लिहिलंत, "मावशींना समजलं तर साहेबाला समजेल."

तेव्हापासून मी साहेब झाले. मुलं मला साहेब मावशी म्हणायची. तुम्ही मला प्रश्न शिकवलेत आणि मी ते माझ्या पद्धतीने विचारले. ऑफिसच्या मुलाखतीत जे नाजूकपणे विचारतात ते मी सरळ विचारायचे. मुलं आधी घाबरायची, मग घाबरायची थांबायची. तुम्ही म्हणायचात, "इथे घाबरून घ्या, तिथे घाबरायला वेळ नसतो." संदेश बांधकामाचं सामान विकणाऱ्या कंपनीत लागला, ऑफिसात. पेढे घेऊन आला तेव्हा मी विचारलं, आमच्या न्हाणीघराचं काय? पुढच्या रविवारी बापाला घेऊन आला आणि ढाळ करून दिला.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. तुम्ही मुलांना सांगायचात, शिक्षणाला धरून काम मिळेपर्यंत थोडं थांबा. मी म्हणायचे, थांबायचं कुणाच्या जिवावर? मिळेल ते घ्या, पुढचं पुढे. तुम्ही म्हणायचात, "मावशी, मिळेल ते घेतलं की ते सुटत नाही. काउंटरवर उभी राहिलेली मुलगी दहा वर्षं काउंटरवरच राहते." मी म्हणायचे, घरात बसलेली मुलगीही घरातच राहते. मुलं मजेत ऐकायची. तुम्ही कधी रागावला नाहीत, मी दर वेळी रागावले. तो वाद अर्धाच राहिला. तुमची बाजू बरोबर होती हे मला आमच्याच घरात बघायला मिळालं, आणि ते माझ्यामुळेच झालं. आता तेच सांगायचंय.

प्राची माझी नात, विलासची मुलगी. आमच्या घरातली पहिली पदवीवाली. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. औषधाच्या कंपनीत, प्रयोगशाळेतली जागा निघाली. तुम्ही तिच्याकडून महिनाभर तयारी करून घेतलीत. मीही तिला सोडलं नाही, दुसऱ्या मुलांपेक्षा दुप्पट कडक प्रश्न विचारले. मुलाखत देऊन आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. त्याच आठवड्यात तिचा फोन पडून फुटला होता आणि दुरुस्तीला दिलेला होता, म्हणून फॉर्मवर तिने माझा नंबर लिहिला. माझा बटणांचा फोन. त्यावर कुणाचा फोन आला तर आजी सांगते, एवढा तिला भरवसा.

शुक्रवारी दुपारी मी मागच्या दारी केळीची पानं पुसत होते. फोन वाजला. एक बाई बोलत होती, आवाजावरून तरुण.

"प्राची आहेत का?"

"बाहेर गेलीय. मी तिची आजी."

"आजी, त्यांची निवड झालीय. सोमवारी हजर व्हायचं आहे. आज पाचपर्यंत हो की नाही तेवढं कळवायला सांगा."

बाई, मला आनंद झाला. पण आनंद समोरच्याला दिसू द्यायचा नाही, अशा घरात मी वाढले. माझं स्थळ आलं तेव्हा माझ्या वडिलांनी त्या लोकांना दोनदा परत पाठवलं. माणसं चांगली आहेत हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण लगेच हो म्हटलं की मुलगी घरात जड झालीय असं दिसतं, मग पुढे जन्मभर तिला तसंच वागवतात. मी माझ्या मुलींच्या वेळी तेच केलं. दोघींचं चांगलं झालं. मग मी त्या फोनवरच्या बाईला काय म्हणाले, तर, "असं दारात उभ्याने हो म्हणत नाहीत. रविवारी तिचा बाप घरी असतो. बसून बोलतो आणि कळवतो. आमच्या मुलीला घाई नाही."

ती म्हणाली, "आजी, नक्की का? आमच्याकडे दुसऱ्या उमेदवार आहेत."

मी म्हटलं, "असू देत."

मला वाटलं, मी मुलीचा मान राखला. दुसऱ्या आहेत असं तर सगळेच म्हणतात. संध्याकाळी प्राची आली, तिला मी काही बोलले नाही. सांगितलं असतं तर ती धावत जाऊन हो म्हणाली असती. रविवारी विलासला सांगायचं, सोमवारी त्याने रुबाबात फोन करायचा, असं मी ठरवून ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी प्राचीला राहवलं नाही. शेजारच्या मुलीच्या फोनवरून तिनेच कंपनीत फोन केला. तिकडे दुसरा कोणी माणूस होता. जागा भरली, म्हणाला आणि फोन ठेवला. प्राची ओटीवरच्या पायरीवर बसली. मी स्वयंपाकघरात होते. मला सगळं ऐकू आलं. बाहेर जाऊन सांगायला दहा पावलं होती. मी कढई उतरवली, परत चुलीवर ठेवली, पण गेले नाही.

त्याच दुपारी तुम्ही आलात, मुलं आली, मी खुर्चीत बसले आणि एका मुलीला विचारलं, "तुझ्या हातून झालेली एक चूक सांग." हा प्रश्न तुम्हीच शिकवला होता. ती मुलगी अडखळली तर मी तिला टाकून बोलले.

प्राची तुम्हाला म्हणाली, "मी कुठेतरी चुकीचं बोलले असेन, बाई." तुम्ही म्हणालात, तसं वाटत नाही. पण तिला तसंच वाटलं. तिने दुसरीकडे अर्ज केला नाही. शनिवारी ओटीवर यायची थांबली, आतल्या खोलीत बसायची. दोन महिन्यांनी औषधाच्या दुकानात काउंटरला लागली. विलास म्हणाला, जवळ आहे, बरं आहे. मीही म्हटलं, बरं आहे. मिळेल ते घ्यावं, हे माझं म्हणणं होतंच ना.

पण ती काउंटरला लागायच्या आधीच तुम्ही नवीन काहीतरी काढलंत. महिन्यातून एक शनिवार घरच्यांचा. मुलांनी आई-बापांना, आजी-आजोबांना घेऊन यायचं. मला वाटलं, चहा वाढणार. पहिल्याच वेळी तुम्ही मला म्हणालात, "मावशी, आज तुम्ही कंपनी. फोन करा आणि सांगा निवड झालीय." समोर संदेशचा बाप बसला होता, धाकट्या मुलीसाठी आलेला. मी हाताचा फोन करून कानाला लावला.

"तुमच्या मुलीची निवड झालीय. सोमवारी येणार का?"

"आमी काय सांगनार? पोरगी आली की इचारून सांगतो."

"आज पाचपर्यंत कळवायचंय."

"आज कसं जमंल? आज सायटीवर पानी नाय, आमाला टँकर बगायचाय."

सगळे हसले. तोही हसला. मग तुम्ही खडू घेतलात आणि फळ्याकडे तोंड करून बोलायला लागलात. तुमचे शब्द मला पाठ आहेत. "स्थळ आलं तर दारात उभ्याने हो म्हणत नाहीत, ते बरोबर आहे. पण हे स्थळ नाही. नोकरीला दारात उभ्यानेच हो म्हणायचं. आणि ते मुलीने म्हणायचं. आपण फक्त तिला हाक मारायची."

माझे शब्द होते ते. फोनवर एका परक्या बाईला बोललेले. तुम्ही कंपनीत चौकशी केली होती, हे मला त्या क्षणी कळलं. तुम्ही वळलात तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाहीत, संदेशच्या बापाकडे पाहिलंत. मी परातीत हात घातला. परात रिकामी होती.

नंतर दर महिन्याला तुम्ही मला कंपनी केलंत. दर महिन्याला मी कुणाच्या तरी आईला, कुणाच्या तरी आजोबांना फोन केला आणि ते म्हणाले, बघू, विचारतो, कळवतो. मग मीच त्यांना सांगायला लागले की असं म्हणायचं नाही. मला ते चांगलं जमायला लागलं. किती घरांत त्यामुळे वेळेवर हो गेलं, ते मुलं लिहितील. मला एवढंच माहीत आहे की तुम्ही मला चारचौघांत उघडं पाडलं नाहीत आणि मोकळंही सोडलं नाहीत. याबद्दल तुमचे आभार मानायचे की तुमच्याशी भांडायचं, हे मी अजून ठरवलेलं नाही. तुम्ही एकदा तरी विचारायला हवं होतं. विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं, हेही खरं.

वसईच्या दवाखान्यात मी तुम्हाला बघायला आले, तांदळाची पेज घेऊन. तुम्ही दोन घोट घेतलेत आणि वाटी बाजूला केलीत.

"मावशी, प्राचीला सांगा."

"काय सांगू?"

"तिची निवड झाली होती, एवढंच. बाकीचं नाही सांगितलंत तरी चालेल. ती मुलगी स्वतःला नापास समजते."

"मग तुम्हीच सांगायचं होतं. चौदा महिने झाले."

"मी सांगितलं असतं तर ती तुमच्या पाठीमागे चिडली असती. तुम्ही सांगितलंत तर तोंडावर चिडेल. मग घरात राहता येतं."

मी वाटी धुवायला उचलली. म्हटलं, "तुम्ही बऱ्या होऊन घरी या. मग बघू."

तुम्ही हसलात. म्हणालात, "आजही पाचपर्यंतच वेळ आहे, मावशी."

मी ते हसण्यावारी नेलं. दोन दिवसांनी संदेशचा फोन आला. माझ्याच फोनवर.

तुमचा भाचा सामान घेऊन गेला त्या संध्याकाळी प्राची दुकानातून आली. पाय धुऊन आत जात होती. मी म्हटलं, "इकडे बस." ती बसली. मी तिला सगळं सांगितलं. तुम्ही सूट दिली होती तरी अर्धं ठेवलं नाही. कोण काय बोललं, मी काय बोलले, दहा पावलं होती तेही. मध्ये एकदा ती म्हणाली, "असू देत, असं म्हणालीस तू त्यांना?"

"हो."

"आणि मी इथे पायरीवर बसले होते तेव्हा तू आत होतीस."

"हो."

"रोज सकाळी मला डबा देताना तुला आठवायचं?"

"रोज नाही. बऱ्याच वेळा."

ती उठून गेली. तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. डबा नेला नाही, दुकानासमोरचा वडापाव खाल्ला. विलास दोघींकडे बघत राहिला. त्यालाही मी सांगितलं. तो म्हणाला, "आये, मला तरी सांगायचंस."

काल शनिवार होता. तुम्ही गेल्यानंतरचा पहिला वर्ग. मी ओटी झाडून ठेवली. मुलं आली आणि भिंतीला टेकून बसली, कुणाला काय करायचं ते कळेना. संदेश म्हणाला, मी इंग्रजीचं बघतो, अर्ज कसे करायचे ते शिकवतो, प्रश्न विचारायला साहेब मावशी आहेतच. मी म्हटलं, ठीक आहे, पहिलं कोण?

आतून प्राची आली. दुकानात सांगून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती, मला माहीत नव्हतं. हातात छापलेला अर्ज होता. प्रयोगशाळेतलीच जागा, दुसऱ्या कंपनीतली. गुरुवारी मुलाखत. अर्ज तिने माझ्यासमोर ठेवला. फोनच्या रकान्यात एकच नंबर होता, तिचा. दुसऱ्या नंबरसाठी जागा होती, तिथे तिने रेघ मारली होती.

समोरच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "विचार."

मी नाव विचारलं, शिक्षण विचारलं. तिने सांगितलं. मग मी विचारलं, "पदवीनंतर एवढे महिने काय करत होतीस?" हा प्रश्न गुरुवारी कोणीतरी विचारणारच, म्हणून विचारला.

"आधी एका कंपनीत माझी निवड झाली होती," ती म्हणाली. "घरून वेळेवर कळवलं गेलं नाही, त्यामुळे जागा गेली. मग औषधाच्या दुकानात काम केलं. कुठलं औषध कशात विरघळतं आणि कुठलं थंडीत ठेवायचं, हे पुस्तकापेक्षा तिथे जास्त कळलं."

मी म्हटलं, "घरून म्हणजे कोणी, असं विचारतील."

"मग सांगेन, आजीने."

बाई, तिने नजर खाली घेतली नाही. मीही घेतली नाही.

मी म्हटलं, "सांग. आणि त्या वेळी श्वास घे, घाईत बोलतेस."